भाड्याच्या खोल्या आणि भागीदारीची अमानत



मुंबई-गोवा महामार्गावरून पेण आणि वडखळ मागे टाकून पुढे निघालात की धरमतर खाडीच्या बाजूला डोलवीचा पोलाद कारखाना दिसू लागतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात इस्पात इंडस्ट्रीजने तो उभा केला, २०१० साली तो जेएसडब्ल्यू स्टीलकडे आला आणि पुढे त्याची वार्षिक क्षमता ५० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढवण्यात आली. जिथे भातशेती, मिठागरे आणि खारबंदिस्तीचे बांध हीच उपजीविकेची साधने होती, तिथे असा कारखाना आला म्हणजे परप्रांतातून कामगार येतो, आणि कामगार आला की त्याला डोके टेकायला जागा लागते. मग जुन्या कौलारू घराची पडवी बंदिस्त होते, गोठ्याची खोली होते, जांभ्याच्या भिंतीवर स्लॅब पडतो आणि ओळीने दारे दिसू लागतात.

रायगड जिल्ह्यातील आपल्या अनेक कुटुंबांपुढे हा प्रश्न आज उभा आहे. वडिलांनी मागे ठेवलेले घर आहे, एक भाऊ आखातात आहे, एक गावी आहे, बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली आहे. घर दुरुस्त करून खोल्या भाड्याने दिल्या तर सर्वांचेच भले होईल, असे सर्वांना वाटते. हेतू चांगला आहे. घर बांधणे हलाल, भाडे घेणे हलाल, भागीदारीही हलाल. परंतु तीन हलाल गोष्टी एकत्र आल्या म्हणजे त्यांतून निघणारा प्रत्येक रुपया आपोआप हलाल ठरत नाही. तो रुपया कोणत्या कराराने आला आणि कोणाचा हक्क ओलांडून आला, हे पाहावेच लागते. या लेखात आपण याच प्रश्नाचा विचार करू या: उत्पन्नावर हक्क कशाने निर्माण होतो?

पैसा दिला म्हणजे नफ्याचा हक्क मिळाला काय?

सर्वसाधारण समजूत अशी की ज्याने पैसा घातला त्याला दरमहा काहीतरी ठरावीक मिळायलाच हवे. शरीअतची भूमिका वेगळी आहे. फिकहच्या ग्रंथांत एका हदीसवर आधारलेला एक मूलभूत नियम सांगितला जातो. त्याचा आशय असा की एखाद्या वस्तूचा लाभ त्याला मिळतो, ज्याने त्या वस्तूच्या नुकसानीची जबाबदारी स्वीकारलेली असते. घर कोसळले तर ज्याचे नुकसान होते, घर भाड्याने गेले तर त्याचा फायदा. नुकसान दुसऱ्याच्या माथी आणि फायदा माझ्या खिशात, अशी व्यवस्था न्याय्य असू शकत नाही. सूरह बक़राच्या २७५ व्या आयतीत व्यापार वैध आणि व्याज अवैध ठरवले आहे. वरवर दोन्हींतही पैशावर पैसा वाढताना दिसतो. भेद आहे तो जबाबदारीचा.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक व्यवहार इथे लक्षात घेण्यासारखा आहे. हज़रत राफ़े बिन ख़दीज (रज़ि.) यांच्याकडून आलेल्या कथनांवरून असे समजते की मदीनेतील काही जमीनमालक शेत कसायला देताना पाटाच्या कडेचा सुपीक तुकडा स्वतःसाठी राखून ठेवत आणि उरलेला कसणाऱ्याला देत. कधी हा तुकडा पिके व तो बुडे, कधी याच्या उलट होई. एकाच्या घरी धान्य आणि दुसऱ्याच्या घरी उपास, असा प्रकार घडे. प्रेषितांनी (स.) अशा व्यवहाराला मनाई केली. मात्र खैबरची जमीन त्यांनी स्वतः निम्म्या उत्पन्नाच्या अटीवर कसायला दिली होती. तिथे पीक आले तर दोघांचे आणि बुडाले तर दोघांचे. आणि हेच राफ़े (रज़ि.) ठरलेल्या सोन्या-चांदीच्या मोबदल्यात जमीन भाड्याने देण्यात हरकत नाही, असेही सांगतात. यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जो भागीदार आहे त्याने दोन्ही बाजूंना भागीदार असले पाहिजे. आणि ज्याला ठरलेली रक्कम हवी, त्याने खऱ्या अर्थाने मालक राहून आपली वस्तू भाड्याने दिली पाहिजे.

एका घराचा हिशेब

हा नियम व्यवहारात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आई-वडील दोघेही हयात नाहीत. दोन मुलगे आणि एक मुलगी हे वारस आहेत. जुन्या घराची किंमत त्रयस्थ जाणकाराने १० लाख रुपये ठरवली. वारसाहक्काच्या नियमाप्रमाणे प्रत्येक भावाचे ४ लाख आणि बहिणीचे २ लाख. घराची दुरुस्ती करून सहा खोल्या काढायला १० लाख लागणार आहेत. कुवेतचा भाऊ ८ लाख घालतो, गावचा भाऊ २ लाख घालतो, बहिणीला काही घालणे शक्य नाही. तिघांच्या संमतीने दुरुस्तीचा पैसा भांडवल म्हणून धरला तर एकूण २० लाखांत कुवेतच्या भावाचे १२ लाख, गावच्या भावाचे ६ लाख आणि बहिणीचे २ लाख होतात. म्हणजे ६०, ३० आणि १० टक्के.

सहा खोल्यांचे प्रत्येकी ४,००० प्रमाणे २४,००० रुपये भाडे येते. गावचा भाऊ भाडेकरू पाहतो, भाडे वसूल करतो, पंप बिघडला तर प्लंबर बोलावतो. या कामाची मजुरी म्हणून त्याला २,००० रुपये आणि दुरुस्तीच्या गंगाजळीसाठी २,००० रुपये बाजूला काढले. उरलेल्या २०,००० पैकी कुवेतच्या भावाला १२,०००, गावच्या भावाला ६,००० आणि बहिणीला २,०००.

आता कारखान्यातील एखादे मोठे काम संपले, ठेकेदाराची माणसे गेली आणि तीन खोल्या रिकाम्या पडल्या, असे समजा. भाडे १२,००० झाले. मजुरी आणि दुरुस्तीचे ४,००० वजा जाता ८,००० उरले. वाटे पडले ४,८००, २,४०० आणि ८००. सर्वांचेच कमी झाले, पण कोणाचेही शून्य झाले नाही.

याच ठिकाणी दुसरी पद्धत लावून पाहा. कुवेतचा भाऊ म्हणतो, ‘खोल्यांचे काय होईल ते तुम्ही बघा. माझ्या ८ लाखांवर मला दरमहा शेकडा एक रुपया हवा, आणि मुद्दल कधीही मागितले तर परत हवे.’ म्हणजे दरमहा ८,००० रुपये. खोल्या भरलेल्या असताना ही मागणी वावगी वाटत नाही, उलट माफकच वाटते. पण तीन खोल्या रिकाम्या झालेल्या महिन्यात उरलेले ८,००० रुपये सगळेच्या सगळे त्याच्याकडे जातात. घरात राबणाऱ्या भावाला मालक म्हणून काही नाही, आणि बापाच्या घरात अल्लाहने जिचा वाटा ठरवून दिला त्या बहिणीलाही काही नाही. मदीनेतील पाटाच्या कडेचा तुकडा तो हाच. त्याला आपण ‘भागीदारी’ म्हटले तरी तो मुद्दल सुरक्षित ठेवून वर ठरलेली वाढ घेण्याचा व्यवहार आहे, आणि त्याचे खरे नाव व्याज हेच आहे.

कोणी म्हणेल, ‘पैसे देणाऱ्यालाही धोका असतोच की! भाऊ पैसे बुडवूही शकतो.’ हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण देणेकरी पैसे बुडवील ही भीती प्रत्येक सावकारालाही असते. म्हणून सावकारी व्यापार ठरत नाही. प्रश्न असा आहे की घर पडले, खोली रिकामी राहिली, खाऱ्या हवेने स्लॅबची सळई गंजली, तर ते नुकसान कोणाचे? ज्याच्या डोक्यावर ते येत नाही, तो त्या घराचा मालक नाही. आणि जो मालक नाही, त्याला त्या घराच्या भाड्यात वाटा कसा मिळेल?

मसलक आणि मार्ग

आपल्या कोकणातील बहुसंख्य मुसलमान शाफ़ई मसलकाचे आहेत, तर घाटावर हनफ़ी अधिक आहेत. भागीदारीच्या तपशिलात दोहोंत थोडा फरक आहे. हनफ़ी मतानुसार नफ्याचे प्रमाण परस्परसंमतीने भांडवलापेक्षा वेगळे ठरवता येते. शाफ़ई मतानुसार नफा भांडवलाच्या प्रमाणातच वाटावा लागतो. नुकसानीबाबत मात्र एकमत आहे: ते भांडवलाच्या प्रमाणातच सोसायचे. म्हणून भाड्याच्या घरासाठी सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे संयुक्त मालकी. प्रत्येकाचा हिस्सा निश्चित असावा, खर्च आणि भाडे हिश्श्याप्रमाणे वाटावे, आणि जो काम करतो त्याची मजुरी वेगळी ठरवून त्याला द्यावी. ‘भाऊ आहे, करील फुकट’ असे गृहीत धरू नये. ज्या कामाला बाहेरच्या माणसाला पैसे द्यावे लागले असते, त्या कामाचे मोल भावाच्या हातून झाल्याने नाहीसे होत नाही.

आता एक अवघड प्रसंग पाहू. एखाद्या विधवा भगिनीजवळ ३ लाख रुपये आहेत. तिला दरमहा निश्चित रकमेची गरज आहे. भाड्यातील चढ-उतार तिला परवडणारे नाहीत. तिला ‘जोखीम घे’ असे सांगणे निर्दयपणाचे नाही काय? शरीअत इथेही दार बंद करत नाही. त्या ३ लाखांत तिने एक खोली, किंवा घरातील निश्चित हिस्सा, रीतसर विकत घ्यावा आणि तो ठरलेल्या भाड्याने व्यवस्था पाहणाऱ्या नातेवाइकाला भाडेपट्ट्यावर द्यावा. भाडे निश्चित असते, ते दरमहा मिळते. खोली रिकामी राहण्याची चिंता भाडेपट्टा घेणाऱ्याची. पण छत कोसळले किंवा मोठी दुरुस्ती निघाली तर ती मालकाची, म्हणजे तिची. निश्चित रक्कम घेणे स्वतः वाईट नाही. ती कशाच्या मोबदल्यात घेतली, हा प्रश्न आहे. घराच्या वापराचे असेल तर भाडे, नुसत्या पैशाचे असेल तर व्याज. आणि ज्या कुटुंबाला तिची खरोखर दया आहे, त्यांनी तिच्या मदतीसाठी सदक़ा द्यावा, ज़कात द्यावी. दयेला कराराचे सोंग देण्याची गरज नाही.

गावच्या भावाला पुढे संपूर्ण घर आपले करायचे असेल तर तोही मार्ग आहे. तो दरवर्षी कुवेतच्या भावाचा थोडा थोडा हिस्सा त्या वेळच्या किमतीने विकत घेऊ शकतो. जसजसा हिस्सा हस्तांतरित होईल, तसतसे भाडेही त्याच्याकडे वळेल. फिकहमध्ये याला घटती मुशारका म्हणतात. बँकेच्या व्याजी कर्जाशिवाय घर हाती येण्याचा हा एक स्वच्छ उपाय आहे.

बहिणीची सही

वरच्या उदाहरणात बहिणीचा वाटा २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आला. तिच्या २ लाखांची किंमत कमी झालेली नाही. घर मोठे झाले म्हणून प्रमाण बदलले. पण हे तिला समजावून सांगितले होते काय? तिने होकार दिला होता काय? आपल्याकडे अनेकदा तिच्यापुढे हक्कसोड पत्र ठेवले जाते आणि ‘माहेर तुटू नये’ म्हणून ती सही करते. दुसऱ्याचे धन त्याच्या मनापासूनच्या राजीखुशीशिवाय हलाल होत नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. माहेर गमावण्याच्या भीतीने केलेली सही राजीखुशीची असते काय, हे प्रत्येक भावाने एकांतात स्वतःला विचारावे. सूरह निसामध्ये वाटे सांगून झाल्यावर त्यांना अल्लाहने घालून दिलेल्या मर्यादा म्हटले आहे. दुरुस्तीची पहिली वीट ठेवण्यापूर्वी वारसांचे वाटे कागदावर उतरले पाहिजेत. दुसऱ्याच्या जमिनीवर कितीही सुंदर खोली बांधली तरी ती दुसऱ्याच्याच जमिनीवर असते.

भावाभावांत कागद कशाला?

‘आपल्यात लिहिण्याची काय गरज?’ हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण पुढच्या पिढीचे भांडण त्यातच पेरलेले असते. कुरआनमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बक़राची २८२ वी, नमाज़ किंवा रोज़्याविषयी नाही. ती मुदतीच्या देण्याघेण्याची नोंद करण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे तीत बजावले आहे. लिहिणे हा अविश्वास नव्हे. आपण विसरतो आणि आपण मरतो, या दोन सत्यांची ती कबुली आहे.

लिहिले नाही तर देशाचा कायदा आपल्या वतीने अटी ठरवतो. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे भागीदारांत वेगळा करार नसेल तर नफा आणि तोटा सारखा वाटला जातो, भांडवल कितीही कमी-जास्त असले तरी. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त रक्कम एखाद्या भागीदाराने व्यवसायासाठी दिली तर त्या रकमेवर सालीना ६ टक्के व्याजाचा हक्कही हा कायदा त्याला देतो. म्हणजे व्याज टाळू इच्छिणाऱ्या दोन मुसलमान भागीदारांनी काहीच लिहिले नाही, तर त्यांच्या मौनातून व्याज निर्माण होऊ शकते! सुदैवाने हाच कायदा वेगळा करार करण्याची मोकळीक देतो. म्हणून करारात स्पष्ट लिहावे: हिस्से किती, तोटा कोणत्या प्रमाणात, जादा रकमेवर व्याज नाही, मजुरी किती, दुरुस्तीचा निर्णय कोण घेणार, एखाद्याला बाहेर पडायचे असल्यास किंमत कोण ठरवणार आणि कोणी वारल्यास त्याच्या वारसांचे काय. भाडेकरूशी केलेला करारही लेखी असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे ५५ वे कलम भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकते.

खोलीत राहणाऱ्याचा हक्क

भागीदारांचे वाटे नीट झाले म्हणजे हिशेब संपला असे नाही. ज्याच्या कष्टाच्या पैशातून हे सारे चालते तो भाडेकरू अजून बाकी आहे. तो बिहार, झारखंड किंवा ओडिशाहून आलेला असेल, आपला धर्मबंधू असेल किंवा नसेल. सूरह मुतफ़्फ़िफ़ीनमध्ये घेताना पुरते मापून घेणाऱ्या आणि देताना कमी देणाऱ्यांना कडक इशारा आहे. त्यात गिऱ्हाइकाचा धर्म विचारलेला नाही.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणारे आणि तो का लपवलास असे विक्रेत्याला विचारणारे प्रेषित (स.) आपल्या दुरुस्त केलेल्या खोलीत आले, तर भिंतीवर हात ठेवून काय म्हणतील? खाडीकाठच्या घरांत ओल आणि खार भिंतीतून वर चढतो. त्याचा बंदोबस्त न करता वरून रंगाचा हात मारणे म्हणजे ओल्या धान्यावर सुके धान्य पसरणेच होय. दुरुस्ती अशी करावी की पावसाळ्यातही माणूस त्या खोलीत सुखाने झोपेल. दहा बाय दहाच्या खोलीत दहा खाटा टाकून माणशी भाडे घेण्यापूर्वी, आपला मुलगा कुवेतमध्ये अशा खोलीत असता तर आपल्याला काय वाटले असते, याचा विचार करावा. विजेचे पैसे बिलाप्रमाणे घ्यावेत. मीटर आपला म्हणून दर आपला असे करू नये. अनामत रक्कम ही परत करायची वस्तू आहे. ती खर्चून बसू नये आणि खोली सोडताना नसलेल्या नुकसानीची यादी काढू नये.

मुंबईत, पुण्यात केवळ नाव ऐकून घर नाकारले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. ही जखम ज्याला माहीत आहे, त्याने आपल्या दारात आलेल्या परक्याला त्याचे नाव, जात किंवा भाषा ऐकून परत पाठवू नये.

शहरांत रूढ असलेल्या ‘हेवी डिपॉझिट’विषयीही सावध राहावे. मोठी रक्कम घरमालकाने वापरायला घ्यायची, आणि त्या बदल्यात भाडे माफ किंवा नाममात्र करायचे. ती रक्कम परत करायची असल्याने ते कर्ज ठरते आणि कर्जाच्या बदल्यात मिळालेली राहण्याची सवलत हा कर्जावरचा लाभ ठरतो. म्हणून अनेक उलमा या व्यवहाराला व्याजाचा प्रकार मानतात. योग्य भाडे आणि माफक अनामत हाच सरळ रस्ता.

शेजाऱ्याचाही हक्क आहे. खोल्या वाढल्या की सांडपाणी वाढते. ते शेजाऱ्याच्या अंगणात किंवा गावाच्या पाण्याकडे जाता कामा नये. शौचटाकी पुरेशी हवी, ग्रामपंचायतीच्या परवानगीने काम व्हावे, आणि हद्दीचा दगड एक वीतही सरकू नये. वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात क़यामतच्या दिवशी सात ज़मिनींचे ओझे असेल, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

आणि ज़कात. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर ज़कात नाही. पण भाड्यातून साठलेली रक्कम निसाबएवढी होऊन तिच्यावर वर्ष उलटले तर अडीच टक्के ज़कात द्यावी लागते. घर विकण्याच्याच हेतूने घेतले असेल तर त्याच्या किमतीवर ज़कात येते. आपल्या प्रसंगाबाबत जाणकार आलिमांना अवश्य विचारावे.

वाचक हो, सूरह सादमध्ये हज़रत दाऊद (अलै.) यांच्यापुढे आलेल्या एका वादाचा प्रसंग आहे. तिथे असे सांगितले आहे की पुष्कळसे भागीदार एकमेकांवर अन्याय करतात, ईमान राखून सत्कृत्ये करणारे तेवढे वगळता, आणि असे लोक थोडे आहेत. दुसरीकडे एका हदीसचा आशय असा की दोन भागीदारांपैकी एकजण दुसऱ्याचा विश्वासघात करत नाही तोपर्यंत अल्लाह त्यांच्यातील तिसरा असतो, आणि विश्वासघात झाला की तो त्यांच्यामधून निघून जातो. आपल्या करारात तो तिसरा राहावा असे वाटत असेल, तर हिश्श्यांचा कागद, बहिणीची खरी संमती आणि भाडेकरूची कोरडी भिंत या तिन्ही गोष्टी खोल्या भरण्याआधी पूर्ण करा.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो, आपल्या घरांतील वाटे न्यायाचे ठेवो आणि त्या थोड्या लोकांत आपली गणना करो. आमीन.